दाराआडचा कोट

सहा आठवड्यांसाठी आलो होतो. थोरल्या दिरांच्या मुलाचं लग्न साताऱ्यात होतं, आणि इंग्लंडातल्या माझ्या वॉर्डात मी वर्षभर साठवलेली रजा होती. निघताना तिथं उन्हाळा लागत होता, म्हणून माझा जाड कोट मी पुढच्या दाराआडच्या खुंटीवरच ठेवला. नवरा म्हणाला, घे की, परत येताना विमानतळावर गारठशील. मी म्हटलं, सहा आठवड्यांत काय आभाळ कोसळतंय? लोकांत मी त्याला 'हे' म्हणायचे, घरात 'तो' म्हणायचे, इथंही 'तो'च लिहिते. आमची सगळी बोलणी अशीच चालायची, एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं उडवून लावायचं.

पंगतीत वाढायचा त्याला भारी सोस. साताऱ्याच्या त्या मांडवात, भर मे महिन्याच्या उन्हात, डाळ-मटणाच्या दालच्याची बादली घेऊन तो तिसऱ्या पंगतीपर्यंत फिरला आणि मधेच गुडघ्यात वाकला. बादली मात्र त्यानं सांडू दिली नाही. ती नीट खाली ठेवली आणि मग स्वतः आडवा झाला. मी जन्मभर नर्सचं काम केलेली बाई. त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं आणि पुढचं सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं. बाकीचे कांदा हुंगवत होते, पाणी मारत होते. मी फक्त गाडी आणा म्हणून ओरडत होते.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. साताऱ्याहून दुसऱ्या दिवशी त्याला मिरजेला हलवलं, कारण मिरजेत मी नर्सिंग शिकले होते आणि आमचं घर तिथून जवळ, माधवनगरला. सासरे तिथल्या कापड गिरणीत होते, त्या काळातलं ते तीन खोल्यांचं घर. गिरणी कधीच बंद पडली, घर राहिलं, आणि त्यात माझी सासू राहिली. महिनाभर दवाखान्यात काढून आम्ही त्याला त्या घरात आणलं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नाकात नळी. डोळे तेवढे पूर्वीचेच होते आणि ते सगळीकडे माझ्या मागे फिरायचे.

आता तो नियम सांगायला हवा. आमचे दोघांचे पासपोर्ट भारताचेच होते. तिकडचं नागरिकत्व घ्यायचं तर इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि नवरा म्हणायचा, लेकीनं घेतलंय तेवढं बस झालं, आपण मेल्यावर आपल्याच गावात पाहुणे म्हणून पुरून घ्यायचं का? त्यामुळं आमच्याकडे होता तो फक्त तिथं कायम राहण्याचा हक्क. बावीस वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात राबून मी तो मिळवला होता. पण कायमचा हे नावच तेवढं. सलग दोन वर्षं त्या देशाबाहेर राहिलं की तो आपोआप जातो. मधे एकदा जाऊन पाय टेकवून आलं की गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या वॉर्डातल्या प्रत्येक परदेशी नर्सला हे तोंडपाठ होतं. चहा पिताना आम्ही त्यावर हसायचो.

मला परत जायचं होतं. हे सरळच लिहिते, कारण माधवनगरात पुष्कळांना वाटतं की मी नवऱ्यासाठी सगळं सोडून इथंच राहायला आले. मी काही सोडलं नव्हतं. तिथं माझं घर होतं, भाड्याचं नाही, हप्ते भरून घेतलेलं. माझी नोकरी होती, माझी बस होती, बसचा ड्रायव्हर मला ओळखत होता. माझी एकुलती एक लेक तिथं होती, आणि आम्ही इकडे अडकल्यावर घराला माणूस हवं म्हणून ती आणि जावई त्या घरात राहायला गेले होते. तो बरा होऊन विमानात बसण्यासारखा झाला की त्याला घेऊन जाईन, नाहीतर अधेमधे एकटी आठवडाभर जाऊन हक्क राखून येईन, असा माझा हिशोब होता.

हिशोब चुकत गेला. पहिल्या वर्षाच्या शेवटी जायचं ठरवलं, तर त्याच्या छातीत कफ भरला आणि पुन्हा मिरज. पुढं आणखी एकदा बॅग भरली, तर पुन्हा तेच. जणू बॅगेची चेन ओढल्याचा आवाज त्याच्या फुप्फुसांना ऐकू जायचा. रात्रीतून तीन-चारदा मशीन लावून त्याचा घसा साफ करावा लागे, कूस बदलावी लागे, आणि हे घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. सासूचं वय ऐंशीच्या पुढं. पैसे टाकून ठेवलेली बाई दोन रात्रींत पळून गेली. बावीस वर्षं मी परक्यांच्या आईबापांची पाठ पुसली तेव्हा ड्युटी संपली की घरी जात होते. इथं घरच ड्युटी होतं. खरं सांगायचं तर त्या काळात मी त्याची बायको राहिले नव्हते. मी त्याची नर्स होते, आणि नर्सला रडायची सवय नसते.

तिसऱ्या खेपेला मी नीट तयारी केली. दोन वर्षं पुरी व्हायला तीनेक महिने होते. थोरल्या जाऊबाईंना हाताशी घेऊन मशीन कसं लावायचं, नळीतून किती पाणी सोडायचं, सगळं शिकवलं. त्या बिचाऱ्या घाबरत घाबरत शिकल्या. आठवडाभराचं तिकीट काढलं. आणि मी शहाणी, गल्लीत सगळ्यांना सांगून बसले, कारण मी नसताना चार बायकांनी डोकावून जावं असं मला वाटत होतं. भाजीवालीला सांगितलं, समोरच्या शिलाईवालीला सांगितलं, मशिदीशेजारच्या किराणावाल्याच्या बायकोला सांगितलं.

तिकिटाच्या तारखेआधी आठ दिवस तो गेला. सकाळी, नळीतून पेज घालताना. मी पेज थांबवली, नाडी पाहिली, मान सरळ केली, आणि सासूला हाक मारली. एवढं सगळं करून झाल्यावर मग मला कळलं की हे माझ्या घरात घडलंय.

तिसऱ्या दिवशी जियारतीला घर बायकांनी भरलं. मी आतल्या खोलीत बसले होते, पांढरी ओढणी डोक्यावर. दाराशी दोघीजणी बसल्या होत्या, त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. एक म्हणाली, "तिकीट तर आदीच काढलं हुतं म्हणं." दुसरीनं नुसता चुकचुक असा आवाज केला. कुणाच्या मनात वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. गोष्ट खरीच होती. तिकीट आधीच काढलेलं होतं, नवरा मेला होता, आणि त्या तिकिटावर आता मी आरामात जाऊ शकत होते. नळी नाही, मशीन नाही, पाठीमागे कुणी नाही. पावणेदोन वर्षं ज्याच्यामुळं पाय निघत नव्हता त्यानं मला मोकळं केलं होतं, आणि ते तिकीट हातात धरून मी विमानात बसले असते तर सगळ्या गल्लीनं म्हटलं असतं की ही वाटच बघत होती. मला वाटतं मी स्वतःही तेच म्हटलं असतं. त्याच संध्याकाळी मी लेकीला फोन करून तिकीट रद्द करायला लावलं.

शिवाय इद्दत होती. आमच्यात नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस घरात बसते. रंगीत नेसत नाही, दागिना घालत नाही, अत्तर लावत नाही, आणि रात्र त्याच घरात काढते. इंग्लंडात माझ्या ओळखीच्या एका बाईनं इद्दतीत नोकरी केली होती, मीच तिला म्हटलं होतं, कर, पोट कुठं इद्दत पाळतं? त्यामुळं मी ती पाळली याचं लेकीला फार आश्चर्य वाटलं. तिला मी तेव्हा खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण असं की मी झोपले. पहिले तीन आठवडे मी नुसती झोपले. सासू ताट आणून ठेवायची, मी जेवायचे, पुन्हा झोपायचे. कुणी मला उठवत नव्हतं, कुणाची कूस बदलायची नव्हती. चार महिने कुणी मला कशालाही हात लावू देणार नाही, असं सांगणारा दुसरा कुठला नियम मला आयुष्यात भेटला नव्हता. आणि मधूनच जाग आली की मला रडू यायचं, नर्सचं नाही, बायकोचं. तेवढं मला हवं होतं.

तारीख माझ्या डोक्यात होतीच. इद्दत संपायच्या कितीतरी आधी दोन वर्षं भरत होती. पण या बाबतीत घरात कुणालाच काळजी वाटत नव्हती, आणि त्याचं कारण थोरले दीर. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर जन्म काढलेले, सगळ्या कचेऱ्या फिरलेले. ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मयताचा दाखला दावल्यावर कुठला सायेब न्हाई म्हणतोय? आपल्या कचेरीत बगा की. घरात मयत झाली म्हटलं की शिपाई आदी खुर्ची सरकवतोय." आणि हे खोटं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर बँकेत, गॅसच्या दुकानात, नगरपालिकेत, जिथं जिथं ते गेले तिथं दाखला पुढं केला की माणसं उठून उभी राहत होती, रांगेतली माणसं मागं सरत होती. आमच्याकडे मरण ही सगळ्यात मोठी सबब. तिच्यापुढं कुणी तारखा मोजत नाही. मी तिकडे बावीस वर्षं काढून आलेली, मला तरी कळायला हवं होतं. पण त्या खोलीत बसून मलाही ते पटत गेलं. साहेब असला म्हणून काय, त्यालाही आई असेल, बायको असेल.

चाळिसाव्याचा खाना झाला आणि दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. बापाच्या चाळिसाव्यापर्यंत सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मी हसले, रडले, नर्ससारखे चार प्रश्न विचारले. तिचा रक्तदाब वाढलेला होता, डॉक्टरांनी लांबचा प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणजे तिनं इकडं यायचा प्रश्नच नव्हता. मग ती म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना, अम्मी? मी तर माहेरीच राहतेय. पण तू नाहीस तर हे कसलं माहेर?"

दोन वर्षं पुरी व्हायला अजून महिना होता.

मी मौलानांना बोलावणं धाडलं. ते आले, पडद्यापलीकडे बसले. वयस्क माणूस, माझ्या नवऱ्याबरोबर लहानपणी नदीत पोहलेले. मी सगळं सांगितलं, तारीख, हक्क, लेक, रक्तदाब. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले की गरज असेल तर बाईनं दिवसा बाहेर पडायला हरकत नाही, दवाखाना, कचेरी, जे असेल ते. रात्र मात्र घरात हवी. मी म्हटलं, मग असं करते, सकाळच्या विमानानं इंग्लंडला जाते आणि दिवेलागणीला माधवनगरात परत येते. पलीकडून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. 

मग म्हणाले, "बहन, जा असं मला म्हणता येणार नाही. पण गेलात तर मी बोल लावणार नाही. मजबुरी अल्लाला कळते."

भला माणूस. पण त्यानं निवाडा माझ्याच पदरात टाकला, आणि त्याचा मला राग आला. जाऊ नका म्हणाले असते तर मी भांडून गेले असते. जा म्हणाले असते तरी गेले असते.

सासूनं सगळं ऐकलं होतं. तिचं माझं कधी फार गूळपीठ नव्हतं आणि फार वैरही नव्हतं. मी लांब होते, तेवढ्यानंच आमचं बरं चाललं. पण त्या चाळीस दिवसांत ती माझ्याच खोलीत, माझ्याशेजारी सतरंजी टाकून झोपत होती. तिचा मुलगा ज्या कॉटवर गेला ती कॉट भिंतीला उभी करून ठेवली होती आणि आम्ही दोघी तिच्या पायथ्याशी. मौलाना गेल्यावर तिनं अडकित्त्यानं सुपारी कातरली, अर्धी माझ्यापुढं केली आणि म्हणाली, "तुला जायाचं आसंल तर जा, बाय. मी आडवी येत न्हाई. पर माझ्या म्होरं बॅग भरू नगं."

त्या तीन खोल्यांत तिच्या पुढं नाही अशी जागा नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, थोरल्या दिरांनी सांगितलेला मयताचा दाखलाही माझ्या मनात कुठंतरी टेकू देऊन उभा होता. एकीकडे म्हातारीचा लेक, दुसरीकडे माझी लेक, आणि माझ्या लेकीकडे आणखी सात महिने होते. तेवढ्यात इद्दत संपेल, अर्ज करू, दाखला दाखवू, बाळंतपणाच्या आधी पोहोचू. मी बॅग भरली नाही.

ती तारीख आली आणि गेली. त्या दिवशी घरात वांग्याचं कालवण होतं, जाऊबाईंनी मीठ जास्त टाकलं होतं, तेवढंच मला आठवतं.

इद्दत संपल्यावर पहिल्यांदा घराबाहेर पडले ती मुंबईला, अर्जाचे बोटांचे ठसे द्यायला. ज्यांचा हक्क असा गेला आहे त्यांना पुन्हा राहायला येऊ द्यावं म्हणून करायचा तो अर्ज असतो. लेकीनं तिकडून घराचे कागद, माझ्या नोकरीचे कागद पाठवले. मौलानांनी इद्दत म्हणजे काय, आणि मजबुरीत कुणी गेलं तर बोल नाही, तेही लिहून दिलं, थोरल्या दिरांनी कुणाकडून तरी त्याचं इंग्रजी करून आणलं. आणि मयताचा दाखला सगळ्यात वर लावायचा हा त्यांचा हट्ट. तो वर लावला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र फार सभ्य होतं. आधी दुःख व्यक्त केलं होतं. मग लिहिलं होतं की नवऱ्याच्या आजारपणामुळं बाई परत येऊ शकल्या नाहीत हे मान्य. परंतु सोबत जोडलेल्या दाखल्यावरून दिसतं की नवरा अमुक तारखेला वारला. त्या तारखेनंतर मुदत संपायला पुरेसा अवधी होता आणि प्रवासाला कसलीही अडचण नव्हती. तरीही बाई स्वखुशीनं भारतात राहिल्या, तसं त्यांच्या धर्मगुरूंनीच लिहून दिलं आहे. लेक सज्ञान आहे, विवाहित आहे. तेव्हा बाईंचं घर आता भारतात आहे असं दिसतं.

मी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसले. आमच्या सगळ्यांच्या लेखी त्या तारखेला माझं कपाळ फुटलं होतं. त्या माणसाच्या लेखी त्या तारखेला मी सुटले होते. त्याचंही काय चुकलं? जियारतीला दाराशी बसलेली बाई तरी वेगळं काय म्हणत होती? तिला मी तिकीट रद्द करून उत्तर दिलं, आणि तेच उत्तर याच्याकडे माझ्याविरुद्ध पुरावा झालं. थोरल्या दिरांनी पत्राचा अर्थ दोनदा विचारून घेतला. मग ते चपला घालून निघून गेले. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ते आमच्या दारात भाजीची पिशवी ठेवून जातात. आत येत नाहीत.

लेकीला आठवा लागला होता. तिथला वकील म्हणाला की भांडता येईल, पण वर्ष जाईल. तूर्त पाहुणी म्हणून या, तो परवाना लवकर मिळतो. स्वतःच्या घरी पाहुणी. ठीक, म्हटलं, पाहुणी तर पाहुणी, चुलीशी बसायला मिळालं म्हणजे झालं. त्या अर्जात आता उलटं दाखवायचं होतं, की माझं सगळं इथं आहे आणि मी नक्की परत येणार. मागच्या अर्जात जे झाकलं तेच या अर्जात मिरवायचं. मी माधवनगरचं घर लिहिलं, म्हातारी सासू लिहिली, नवऱ्याची कबर लिहिली. उत्तर तीन आठवड्यांत आलं. या बाईंनी नुकतंच आम्हाला लिहून दिलं आहे की त्यांचं घर, त्यांची लेक, त्यांचं सगळं इंग्लंडात आहे. तेव्हा त्या आल्यावर परत जातील याची खात्री वाटत नाही.

मला त्या दोन्ही साहेबांना एका बाकावर बसवून विचारावंसं वाटलं, की आधी तुमचं तुम्ही ठरवा. एक म्हणतो माझं घर इथं, दुसरा म्हणतो तिथं. धोब्याचा कुत्रा तरी बरा, त्याला निदान घाट नाहीतर घर, काहीतरी जवळ असेल.

बाळ झालं तेव्हा मी मेथी निवडत होते. दुपारची वेळ होती. लेकीला चोवीस तास कळा देऊन शेवटी पोट कापून काढलं. मी नसल्यानं माझ्या जुन्या वॉर्डातली एक मैत्रीण रजा टाकून तिच्यापाशी बसली होती. तिनं फोन समोर धरला. पडद्यावर लेकीचा चेहरा सुजलेला होता आणि ओठ कोरडे पडले होते. मी म्हणत राहिले, तिच्या ओठांना पाणी लावा, नुसतं ओलं बोट फिरवा. तेवढ्यात चित्र थांबलं. मी त्या थांबलेल्या चित्राला आणखी दोन-तीनदा पाणी लावायला सांगितलं. बावीस वर्षं मी त्या देशातल्या किती जणांचे ओठ ओले केले असतील, आणि पोटच्या पोरीचे कुणा दुसरीनं केले. पुन्हा लागला तेव्हा फोनवर नात होती. सासूनं तिच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली, त्या काचेवरूनच.

नात सहा महिन्यांची झाली तेव्हा लेक तिला घेऊन आली. तिला मात्र इकडं यायला परवाना चटकन मिळाला. दारात उतरली तेव्हा मी हात पुढं केले, तर पोरगी आईच्या मानेला घट्ट धरून किंचाळली. माझा आवाज तिला ओळखीचा होता, पण तो फोनमधून येतो असं तिला वाटत असावं. चार दिवस ती माझ्याकडे आली नाही. पाचव्या दिवशी आली, आणि मग खाली उतरेना. दुपारी मी तिला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायचे, आणि लेक शेजारी भिंतीला टेकून डोळे मिटायची. त्या वेळी मला वाटलं की माहेरपण म्हणतात ते एवढंच असेल.

जायच्या आदल्या दिवशी लेकीनं एक पिशवी माझ्यापुढं ठेवली. इतके दिवस तिनं ती बॅगेतच ठेवली होती. आत माझा कोट होता.

"तुझी खोली बाळाला केली, अम्मी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. "बाकीच्या वस्तू वर माळ्यावर आहेत. हा तेवढा आणला. तू नेहमी विचारतेस म्हणून."

मी तिच्यावर ओरडले. इतक्या मोठ्यानं की नात दचकून रडायला लागली आणि सासू मोरीतून बाहेर आली. मला विचारायचं तरी होतंस, मी मेले का, असं सगळं बोलले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिचं तरी काय चुकलं? पोरीला खोली हवी होती, आणि खोली रिकामी होती. रिकामी खोली किती वर्षं ठेवणार? मी कोटाच्या खिशात हात घातला. घशाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि वॉर्डातलं एक निळं पेन होतं. माधवनगरात बाहेर ऊन असं होतं की अंगणातली चप्पल पायात घालवत नव्हती. त्या उन्हात तो कोट मांडीवर घेऊन मी बसले.

सकाळी मी तो घडी घालून तिच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

"घेऊन जा," मी म्हटलं. "खोली दिलीस ते बरंच केलंस. पण हा दाराआड टांग. होता तिथंच."

"कशाला, अम्मी? कोण घालणार?"

"कुणी घालायला नको. पोरगी मोठी झाली की विचारेल, कुणाचा म्हणून. तेव्हा सांग."

तिनं बॅगेची चेन ओढली. मिरज स्टेशनवर तिला गाडीत बसवून मी परतले. मी अजून दर काही महिन्यांनी वकिलाला विचारते. तो म्हणतो, बघू या.

पंधरा दिवसांनी तिनं फोटो पाठवला. आमचं पुढचं दार, दाराआड खुंटी, खुंटीवर कोट, आणि खाली जमिनीवर नातीचे एवढेसे बूट. मी तो सासूला दाखवला. अलीकडं तिला कमी दिसतं. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"पोरीकडं कोण पावणं आल्यात व्हय गं?" तिनं विचारलं.

"न्हाई, अम्मा. कुणी न्हाई. माझा कोट हाय त्यो."

"आसं व्हय," ती म्हणाली. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला, आणि मी भाकरी थापायला आत गेले.